पहिला पाठ पुसू नये

जो प्राणरूपाने प्रत्येक जीवाच्या हृदयात अहोरात्र ये-जा करतो, ज्याच्या आज्ञेवाचून नाकपुडीतला वाराही हलत नाही, त्या सर्वेश्वराला प्रथम वंदन. आमच्या गावाचे रक्षण करणाऱ्या श्रीदेवाला वंदन. ज्यांनी मला अक्षर दिले आणि अक्षराचा उच्चार दिला, त्या गुरुवर्यांना साष्टांग नमस्कार. ते आज असते, तर त्यांच्यासमोर मान वर करून उभा राहिलो असतो असे मात्र वाटत नाही.

लिहिण्याचे निमित्त असे. दम्यावरची नवी औषधे आणि दमा वाढतो आहे हे आधीच ओळखण्याच्या नव्या रीती, यांविषयीचे एक संशोधन आमच्या जिल्ह्यात चालू आहे. त्यात मी रुग्ण म्हणून सामील आहे. पुढे येणाऱ्या रुग्णांसाठी आधीच्यांनी आपापला अनुभव लिहून द्यावा, अशी तिथल्या डॉक्टरबाईंची इच्छा. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, देवळात पुराण सांगितले. चार पाने लिहिणे मला जड नव्हते. जड होते ते खरे लिहिणे. माझ्या हातून जे घडले तेही लिहू का, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "तेच लिहा, गुरुजी. बाकीचं आम्ही सांगतोच."

आजाराचे नाव

माझा आजार मी पुष्कळ काळ आजार म्हणून मानलाच नव्हता. आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत हवा दमट. श्रावण-भाद्रपदात भिंतीला हात टेकला तरी ओल हाताला येते. न्हाणीत पाणी तापवायला नारळाची सोडणे, म्हणजे वरची वाळकी सालपटे, जळत असतात, देवघरात धूप असतो. खोकला कोणाला येत नाही? पुराण सांगताना दोन वाक्यांच्या मध्ये थांबावे लागू लागले, तेव्हा ते थांबणे मी अर्थगांभीर्याचे म्हणून खपवले. श्रोते माना डोलवीत. काहींना तर माझे निरूपण पूर्वीपेक्षा अधिक मुरलेले वाटू लागले होते.

मग एका सकाळी एका यजमानांकडे पूजेला बसलो असता संकल्पाचे शब्दच उमटेनात. यजमान तळहातावर पाणी घेऊन माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि ते पाणी त्यांच्या बोटांमधून गळून गेले. त्याच दिवशी माझी पत्नी सुशीला मला जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात घेऊन गेली. तिथे एका नळीत जोराने फुंकायला लावले. आयुष्यभर श्वास सावकाश सोडण्याचा अभ्यास केलेला मी. जोराने फुंकणे मला असभ्य वाटत होते. पुन्हा पुन्हा फुंकल्यावर डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितले, की हा दमा आहे, बऱ्याच वर्षांचा असावा, मुळापासून जाणार नाही, पण ताब्यात राहील.

पुष्कळांना त्या क्षणी भीती वाटत असेल. मला लाज वाटली. दमेकरी म्हटला की ओसरीवर गुडघे पोटाशी घेऊन खोकत बसलेला म्हातारा माझ्या डोळ्यांसमोर येई. त्या ओसरीवर मी स्वतः कसा जाऊन बसू? आपल्या जुन्या वैद्यकात या विकाराला 'श्वास' असेच नाव आहे. ते मला सोयीचे वाटले. कोणी प्रकृती विचारली की मी सांगू लागलो, "थोडा श्वास आहे."

सुशीला शिरोड्याची. घरात ती मालवणीतच बोलते. एकदा अंगणात शेजाऱ्यांसमोर मी हे वाक्य उच्चारले, तेव्हा सुपातले तांदूळ निवडता निवडता मान वर न करता ती म्हणाली, "श्वास तर सगळ्यांकच आसता. नसलो काय मगे भटाक बोलवक लागता."

शेजारी हसले. मीही हसलो, पण त्या दिवसापासून कोणी विचारले तर 'बरे आहे' एवढेच सांगू लागलो.

तोंडाने ओढायचा पंप मिळाला, त्याचीही एक कथा आहे. तांब्याला ओठ न लावता वरून पाणी पिण्याची आमच्या घराण्याची रीत. पंपही मी तसाच ओठांपासून दूर धरून वरून उडवीत होतो. निम्मे औषध माझ्या नाकाच्या शेंड्याला मिळत असणार. पुढच्या खेपेला तिथल्या सिस्टरने माझा प्रयोग पाहिला आणि हसू दाबीत ओठ घट्ट मिटायला शिकवले. "हा पंप तुमच्या एकट्याचाच आहे, गुरुजी," ती म्हणाली, "उष्टं कोणाचं होणार?" नव्या रुग्णांनी हे लक्षात ठेवावे. सोवळ्यात राहणाऱ्यांनी तर अवश्य.

ऐकणारा फोन

काही महिन्यांनी डॉक्टरबाईंनी संशोधनाविषयी समजावून सांगितले. एक नवे इंजेक्शन आहे; काहींना ते मिळेल, काहींना तशाच सुईतून निरुपद्रवी पाणी. कोणाला काय मिळाले, हे घेणाऱ्यालाही कळणार नाही आणि देणाऱ्यालाही नाही. नेहमीचे औषध सर्वांचेच चालू राहील. फळ कोणाच्या वाट्याला जाणार हे ठाऊक नसताना कर्म करीत राहायचे, ही कल्पना मला मनापासून आवडली. मी सही केली.

दुसरा भाग आवाजाचा होता. रोज सकाळी, पंप घेण्याच्या आधी, फोनसमोर काहीतरी तोंडपाठ असलेले म्हणायचे. श्वास कुठे तुटतो, किती थांबावे लागते, शब्दांच्या मागे घरघर आहे का, हे फोनमधले यंत्र ऐकते आणि आपल्याच रोजच्या आवाजाशी ताडून पाहते. सारे ठीक असेल तर हिरवी खूण; दमा बळावू लागला असेल तर, आपल्याला जाणवण्याच्या आधीच, लाल खूण. लाल उमटली की सिस्टरलाही कळते आणि तिचा फोन येतो. सिस्टरने बजावले होते, की एकदाच म्हणायचे, जसे होईल तसे पाठवायचे. मध्येच कोणी हाक मारली किंवा कुत्रे भुंकले, तरच 'पुन्हा' असे लिहिलेले बटण दाबायचे. ते दाबले की आधीचे पुसले जाते.

रुग्णालयात संशोधनाच्या खोलीबाहेरच्या बाकावर आनंदीबाईंची ओळख झाली. खारेपाटणच्या आतल्या बाजूच्या एका गावात त्या नि त्यांचे यजमान भातशेती करतात. काजूची बाग आहे. काजूला मोहोर आला की त्यांचा दमा उसळतो, आणि बाग सोडून जाणार कुठे? त्यांच्या गावाला एसटी कधी येते, कधी येत नाही. दम भरल्यावर निघायचे म्हटले तर वाटेतच जीव जायचा. एकदा फोनवर लाल खूण दिसली म्हणून त्या धडधाकट असताना आल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना प्राणवायू लावावा लागला. तेव्हापासून त्या फोनला रुमालात गुंडाळून ठेवीत.

"भटजीनू," त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले, "माज्या घोवाक जल्मात कळला नाय, ता ह्या फोनाक कळता."

त्यांचे यजमान शेजारीच बसले होते. ते खाली पाहून गालात हसले आणि चहा आणायला उठून गेले.

शुद्ध पाठ

फोनसमोर म्हणायला मी एक स्तोत्र निवडले. मुंजीच्या वयापासून ते मला मुखोद्गत आहे. झोपेतून उठवले तरी चुकणार नाही. इथेच चूक झाली, आणि ती बाकावरच्या दुसऱ्या कोणाकडून झाली नसती.

माझ्या गुरूंची शिस्त कडक होती. चरणाच्या मध्ये श्वास घेणे हा दोष. श्वास तुटला तर तो पाठ पाठच नव्हे; श्लोक आरंभापासून पुन्हा म्हणायचा. किडलेले फूल देवाला वाहू नये, तडा गेलेली मूर्ती पुजू नये, तसा मोडलेला चरण देवापुढे ठेवू नये.

पहिल्याच सकाळी दुसऱ्या चरणात माझा श्वास तुटला. बोट आपोआप 'पुन्हा'वर गेले. आपण काही वावगे करतो आहोत, असे मनाला शिवलेही नाही. मी पाठ शुद्ध करीत होतो. पुन्हा तुटला की पुन्हा आरंभापासून. जो पाठ अखंड उतरेल तोच पाठवायचा. हिरवी खूण उमटायची. सुशीला स्वयंपाकघरातून हे ऐकत असे आणि यांची उपासना हल्ली वाढली आहे, असे कोणाकोणाला कौतुकाने सांगत असे.

पुढे अखंड पाठ उतरायला वेळ लागू लागला. तेव्हा मी पंप आधी घेऊ लागलो. पूजेच्या आधी आचमन, तसा पाठाच्या आधी पंप, अशी मी स्वतःची समजूत घातली. शास्त्र जाणणाऱ्या माणसाला स्वतःची समजूत घालायला शब्दांची वाण पडत नाही.

आणि आता हेही लिहिले पाहिजे. त्या हिरव्या खुणेचा मला जो आनंद होई, तो देवाला शुद्ध पाठ पोचल्याचा नव्हता. सिस्टर एकदा सहज बोलून गेली होती, की आमच्या सगळ्या पेशंटांत गुरुजींसारखा आवाज कोणाचा नाही. आनंद त्या वाक्याचा होता.

सप्ताह

देवळात भजनाचा सप्ताह लागला होता. त्याच सुमारास शिरोड्याला सुशीलाचा भाऊ माडावरून पडून अंथरुणाला खिळला. तिला जायचे होते, पण माझा खोकला रोज ऐकत असल्यामुळे पाय निघत नव्हता. मी फोन तिच्यापुढे धरला. हिरवी खूण होती. "हे यंत्र खोटे बोलत नाही," असे मी तिला सांगितले. ती निश्चिंत होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभामंडपात गर्दी होती, धूप दाटला होता. पार, म्हणजे भजन करणाऱ्यांची पाळी, बदलण्याच्या वेळी मी चार शब्द सांगायला उभा राहिलो. श्वास आत गेला आणि बाहेर पडेना. दम्यात श्वास घेता येत नाही, असे लोक समजतात. मला तो सोडता येईना. छाती भरलेल्या मोटेसारखी वर अडकून राहिली. टाळ थांबले. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला उचलून बाहेर आणले. धोतर सुटले होते. ते कोणीतरी माझ्याभोवती गुंडाळले. नाम घ्यावे असे मनात आले, पण नाम घ्यायलाही वारा लागतो. मरणाचे भय तर होतेच. पण हे सारे मला असा पाहत आहेत, याची लाज त्या भयाच्याही वर तरंगत होती. प्राण कंठाशी आलेला असताना माणसाने असल्या गोष्टीची लाज बाळगावी, याची आता लाज वाटते.

रिक्षाने रुग्णालयात नेले. तोंडावर मुखवटा बसवला, त्यातून औषधाचे धुके आत येऊ लागले, आणि हळूहळू छातीची गाठ सैल झाली.

खाटेवरचे दिवस

रुग्णालयात दिवस आपल्या गतीने चालत नाही. उजाडण्याआधी थर्मामीटर येतो, मग सुई, मग मुखवटा, मग चहा. त्या धुक्याच्या यंत्राची घरघर आणि माझ्या छातीची घरघर यांतली कोणती कुठे संपते, ते कळत नसे. पहिल्या दिवशी पेजेचा वाडगा समोर आला, तेव्हा 'कोणी केली?' हा जुना प्रश्न जिभेवर आला होता. पण विचारायला दम नव्हता, आणि तेच बरे झाले. वॉर्डातल्या मावशींनी न विचारता माझी खाट खिडकीकडे फिरवून दिली, म्हणजे पडल्या पडल्या मला सूर्याला हात जोडता येतील. एवढीशी कृपा, पण त्या दिवसांत तिनेच मला धरून ठेवले.

सुशीला आजारी भावाला सोडून पहिल्या गाडीने आली. माझ्याकडे न पाहता पिशवीतले कपडे काढीत तिने विचारले, "हिरवो होतो मा तुमचो फोन?"

मी मान हलवली.

"बावीत उडवक व्हयो तो," ती म्हणाली, आणि विहिरीत फेकण्याच्या लायकीच्या ठरवलेल्या त्या बिचाऱ्या फोनवर सगळा राग काढून माझ्या पायांना तेल लावायला बसली. मी गप्प राहिलो.

दुपारी डॉक्टरबाई आल्या. खुर्ची ओढून बसल्या. माझ्या गेल्या काही दिवसांचे सगळे पाठ त्यांनी स्वतः कानाला लावून ऐकले होते.

"तुमच्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही, गुरुजी," त्या म्हणाल्या. "यंत्राला नाही, मलाही नाही. तुम्ही आमच्यावर विसंबलात आणि आम्ही तुम्हाला सावध केलं नाही. मला माफ करा."

त्यांनी हात जोडले. माझ्या मुलीच्या वयाची ती विदुषी, माझ्या खाटेशी हात जोडून बसलेली. आणि मी काय केले? मी हात वर करून त्यांना आशीर्वाद दिला. "असू द्या," म्हणालो.

जाताना त्यांनी सांगितले, की यंत्र बनवणाऱ्यांशी पुण्याला बोलणे झाले आहे. एवढा मोठा झटका ज्याला ऐकू आला नाही, त्याच्यावर कोणाचाच जीव सोपवता येणार नाही. कारण सापडेपर्यंत सर्वच रुग्णांच्या खुणा बंद ठेवाव्या लागतील. ते कारण त्यांच्यासमोरच पाठीला उशी लावून बसले होते.

एका दिवसाचे मौन

दुसऱ्या दिवशी आनंदीबाई इंजेक्शनसाठी आल्या होत्या. मी दाखल आहे हे कळल्यावर वॉर्डात डोकावल्या. बाहेर सिस्टरने त्यांना खुणा बंद होणार असल्याचे सांगितले होते.

"तुमका फोनान फसयल्यान म्हणे," त्या कळवळून म्हणाल्या. मग रुमालातला आपला फोन हातात फिरवीत राहिल्या. "खरा आसा. तुमच्यासारख्याक फसयता, तर माजी काय कथा. पण मगे माका कोण सांगतलो? मी आपली काजू येचीत ऱ्हवतंय, नि दम भरलो काय घोव एसटी बघूक जाता."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्याविषयी दया होती. लवकर बरे व्हा, असे सांगून त्या गेल्या.

सुशीला संत्रे सोलीत होती. तिला मी सर्व सांगितले. पुसलेले पाठ, आधी घेतलेला पंप, सगळे. तिची बोटे थांबली.

"म्हणजे सकाळी तुमी परत परत म्हणीत होतात," ती सावकाश म्हणाली, "ती भक्ती नाय?"

भक्तीही होती, असे काहीतरी मी पुटपुटलो. मोडलेला चरण देवापुढे ठेवता येत नाही, गुरूंची तशी आज्ञा होती, हेही सांगितले.

"मोडलेलो श्लोक फोनातसून पुसलात," ती म्हणाली. "देवाच्या कानातसून कसो पुसतलात?"

ती उठून खिडकीशी गेली. तिकडेच तोंड करून म्हणाली, "नि मी शिरोड्याक गेलंय." एवढेच. त्यानंतर त्या विषयावर ती आजतागायत एक अक्षर बोललेली नाही, आणि मलाही तिची क्षमा मागायला शब्द सापडलेले नाहीत. व्याकरण शिकलेल्या माणसाची ही अवस्था.

थोड्या वेळाने तिनेच विचारले, डॉक्टरबाईंना इकडे बोलवायचे की मी तिकडे जायचे. मी म्हणालो, मी जातो. तिने चाकांची खुर्ची आणली आणि मला ढकलत त्यांच्या खोलीपर्यंत नेले.

"काल तुम्ही माझी क्षमा मागितलीत," मी डॉक्टरबाईंना म्हणालो. "ती माझी नव्हती. परत करायला आलो आहे."

मग सर्व सांगितले. त्यांनी मध्ये एकच प्रश्न केला: पंप आधी रोज घेत होतात का? अलीकडे रोज, असे मी कबूल केले. त्यांनी रागवावे असे मला वाटत होते. रागावल्या असत्या तर ओझे थोडे त्यांच्याकडे गेले असते.

"यंत्र बहिरं नव्हतं, गुरुजी," त्या अखेर म्हणाल्या. "तुम्ही त्याला निवडक ऐकवलंत."

माझे आजवरचे सगळे पाठ बाजूला काढावे लागतील, वरच्या समितीला हे कळवावे लागेल, आणि कदाचित मला संशोधनातून बाहेर पडावे लागेल, हे त्यांनी न लपवता सांगितले. खुणा मात्र बंद होणार नव्हत्या. शेवटी त्या एवढेच म्हणाल्या, की 'पुन्हा' हे बटण आम्ही ठेवायलाच नको होते. ही आमचीही चूक. तो थोरपणा त्यांचा. मी त्यात वाटा मागत नाही.

आताचा पाठ

समितीने मला राहू दिले. फोनवरचे ते बटण आता कोणाच्याच फोनवर नाही. स्तोत्र बदलून दुसरे काही साधे म्हणा, अशी मुभा होती. मी तेच ठेवले. घरी परतल्यावर पहिल्या सकाळी, पंप न घेता, मी आरंभ केला. दुसऱ्या चरणात श्वास तुटला. तसाच पुढे गेलो. तिसऱ्यात पुन्हा तुटला, शिटीसारखा आवाज आला, तोही गेला. लाल खूण उमटली, आणि हातपाय धुऊन होतात तोच सिस्टरचा फोन. भर सभेत उघडे पडावे तसे वाटले. रोज वाटते. सवयीने ते थोडे बोथट झाले आहे, एवढेच.

गुरूंची आज्ञा मोडली का, याचा विचार मी पुष्कळ केला. माझ्या अल्पमतीला इतके उमगले: देवापुढे शुद्ध म्हणजे अखंड असेल; वैद्यापुढे शुद्ध म्हणजे जसे आहे तसे. जो या संशोधनात नव्याने सामील होणार आहे, त्याने एवढे एक लक्षात ठेवावे. तुमच्या तुटलेल्या आवाजातूनच त्या यंत्राला दुसऱ्या कोणाचा तरी तुटणारा श्वास ओळखायला शिकायचे आहे. मी त्याला चांगला आवाज म्हणून एका आजाऱ्याचा आवाज शिकवीत होतो.

नंतरच्या एका खेपेला बाकावर आनंदीबाई माझी वाट पाहत होत्या. त्यांनी पिशवीभर काजूगर आणले होते, घरी फोडून सोललेले. ते माझ्या मांडीवर ठेवीत म्हणाल्या, "भटजीनू, तुमी डाक्टरणीक सांगलात म्हणान माजो फोन चालू ऱ्हवलो. सिस्टरीन सांगल्यान माका."

सिस्टरने माझी लाज राखण्यासाठी अर्धेच सांगितले असावे. डॉक्टरबाईंची क्षमा मी एक दिवस स्वतःजवळ ठेवून घेतली होती. हे काजू ठेवून घेणे मला साधेना. मी आनंदीबाईंना मुळापासून सांगितले. त्यांचे यजमानही ऐकत होते.

"म्हणजे बंद होतलो होतो, तो तुमच्यामुळाच?" त्यांनी विचारले.

"होय."

"नि चालू ऱ्हवलो, तोय तुमच्यामुळा?"

"तसे म्हणता येईल."

आनंदीबाई विचारात पडल्या. मग त्यांनी माझ्या मांडीवरची पिशवी उचलली, पदर पसरला, निम्मे काजूगर त्यात ओतून घेतले, पदराची गाठ मारली आणि पिशवी मला परत दिली.

"मगे अर्धेच घेवा," त्या म्हणाल्या.

आजवर मला पुष्कळ दक्षिणा मिळाली. इतकी नेमकी कधीच मिळाली नव्हती.

वाचकहो, ज्या हाताने मी डॉक्टरबाईंना आशीर्वाद दिला तो हात तुमच्यासाठी वर करायला मला संकोच वाटतो. म्हणून तो जोडूनच मागणे मागतो. तुमच्या घरातल्या लहानथोरांचा श्वास सुखाने आत जावो आणि सुखाने बाहेर येवो. ज्या दिवशी तो तुटेल, त्या दिवशी तो तसाच ऐकून घेणारे माणूस तुमच्या घरात असो, आणि त्याला तो ऐकू देण्याचे धैर्य परमेश्वर तुम्हाला देवो. तुमच्या उंबरठ्याच्या आत सर्वांचे कल्याण असो.